काळ्या गाडीला कोरडा कपडा मारू नका

माझा भाचा नांदेडला एका साहेबांच्या गाडीवर चालक आहे. गाडी काळी, आणि पोराला तिचा भारी अभिमान. रोज सकाळी सातला हजर व्हायचे, आधी गाडीला कपडा मारायचा आणि मगच चहा घ्यायचा, असा त्याचा तीन वर्षांचा नेम. एके दिवशी दुपारच्या उन्हात साहेबांना बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या. "कुठं घासलीस गाडी?" पोरगा शपथेवर सांगत होता की गाडी कुठेही लागलेली नाही. तरी त्या महिन्याच्या पगारातून दोन हजार रुपये कापले गेले.

रेघा तर खऱ्याच होत्या आणि पोरगाही खोटे बोलत नव्हता. गाडी रोज सकाळी सात वाजता घासली जात होती, त्याच्याच हातातल्या कोरड्या फडक्याने. हे ना त्याला ठाऊक होते, ना साहेबांना.

आपल्या वाचकांच्या घरांत कोणी ना कोणी गाडीवर आहेच. कोणी चालक, कोणी वॉशिंग सेंटरवर, कोणी डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात. म्हणून हा विषय आज घेतला. लातूरला औसा रोडकडे राहणारे एक जुने पेंटरचाचा माझ्या ओळखीचे आहेत. काळ्या-पिवळ्या जीपगाड्या रंगवण्यात त्यांची उमर गेली. भाच्याला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडीकडे पाहायच्या आधी पोराच्या हातातले फडके मागून घेतले आणि उन्हात धरून झटकले. जी धूळ उडाली तिच्याकडे बोट करून म्हणाले, "बेटा, ये कपडा नही, पॉलिश पेपर है."

आपल्या मराठवाड्याची धूळ साधी नाही. आपला दगड काळा, बेसाल्टचा. रस्त्याची खडी त्याचीच, आणि ती चाकाखाली भरडून जी पूड होते ती गाडीवर बसते. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर या रस्त्याचे चौपदरीकरण चालू होते त्या वर्षांत तर गाडीचा मूळ रंग ओळखू येत नसे. ही दगडाची पूड गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असते. तिच्यावरून कोरडे फडके दाबून फिरवले की प्रत्येक कण एक रेघ ओढतो.

या रेघा गोल दिसतात, पण बहुतेक गोल नसतात. कपडा उभा, आडवा, तिरका जसा फिरला तशा त्या सगळ्या दिशांनी पडलेल्या असतात. त्यातल्या ज्या उजेडाच्या ठिपक्याभोवती आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, बाकीच्या लपून राहतात. म्हणून सूर्याभोवती किंवा बल्बभोवती जाळे विणल्यासारखे वाटते, आणि आपण डोके हलवले की जाळेही आपल्याबरोबर सरकते. घरात पाहायचे असेल तर घासलेले स्टीलचे ताट दिव्याखाली धरा. घासणीच्या रेघा अगदी तशाच दिव्याभोवती फेर धरतात.

मग पांढऱ्या गाडीवर का दिसत नाहीत? तिथेही पडतातच. पण पांढरा रंग स्वतःच सगळीकडे उजेड उधळत असतो, त्यात रेघेची चमक हरवून जाते. काळा रंग उजेड गिळतो, त्यामुळे एवढीशी चमकसुद्धा उठून दिसते. अमेरिकेत फोर्ड कंपनीने 1914 ते 1925 या काळात आपली मॉडेल टी ही गाडी फक्त काळ्या रंगात विकली. तिथल्या चालकांचे काय हाल झाले असतील कोण जाणे.

आता रंगाची रचना समजून घ्या, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. हल्लीच्या गाडीला पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो. गॅरेजवाले त्याला क्लिअर म्हणतात. हा क्लिअर साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. कपड्याच्या रेघा याच थरात, वरच्या एक-दोन मायक्रॉनमध्ये असतात. पॉलिश करणे म्हणजे रेघ भरणे नव्हे. रेघेच्या दोन्ही बाजूंचा क्लिअर घासून तिच्या तळाशी आणणे, याला पॉलिश म्हणतात. दर पॉलिशला हा थर थोडा थोडा जातो आणि पुन्हा येत नाही. हौसेने दर दिवाळीला कंपाउंड मारून घेणारे लोक आहेत. त्यांच्या गाडीचा क्लिअर पुढे उन्हाने पांढरा पडतो, पापुद्रे सुटतात, आणि मग पूर्ण रंगकामाशिवाय इलाज उरत नाही.

जुन्या काळ्या-पिवळ्या जीपचा रंग पुष्कळदा एकेरी असे, वर क्लिअर नसे. आपल्या गाडीचा रंग कसा आहे हे ओळखायची सोपी खूण चाचांनी सांगितली. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडके काळे झाले तर रंग एकेरी, पांढरेच राहिले तर वर क्लिअर आहे.

रेघ किती खोल आहे हे नखाने कळते. नख हलकेच आडवे फिरवावे. अडकले तर ती रेघ पॉलिशने जाणार नाही, तिला टचअप लागेल. नख अडकत नसेल आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर रेघ दिसेनाशी होत असेल, तर काम घरीही होण्यासारखे आहे.

कामाला सकाळी लवकर, सावलीत बसावे. आपल्याकडे मे महिन्यात काळ्या बॉनेटवर हात टेकवत नाही, अशा तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळून चिकटते. आधी गाडी नीट धुवावी. धुतल्यावरही हाताला खरखर लागली तर क्ले बार मिळतो, मळलेल्या कणकेसारखा. पृष्ठभाग शाम्पूच्या पाण्याने ओला ठेवून तो हलक्या हाताने फिरवावा. तो जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यावा. पैशाकडे पाहू नये, त्याला चिकटलेली वाळू सगळी मेहनत वाया घालवते. मग रबर, प्लास्टिक आणि पत्र्याच्या कडांवर मास्किंग टेप लावावी. कडेवर थर सगळ्यात पातळ असतो आणि तिथेच तो उडतो.

सगळ्या गाडीला एकदम हात घालू नये. दीड-दोन फुटांचा चौकोन निवडावा आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात करावी. स्पंजाच्या पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब पुरेत. आधी आडवे, मग उभे, पट्ट्यावर पट्टा चढवत सावकाश फिरवावे. पुसून टॉर्च मारून पाहावे. रेघा गेल्या असतील तर तेवढ्यावर थांबावे. नसतील गेल्या तरच एक पायरी कडक कंपाउंड घ्यावे, आणि त्यानंतर पुन्हा सौम्य पॉलिश करावे. हाताने बॉनेट करायलाच अर्धा दिवस जातो. मशीन घ्यायचे तर फिरता फिरता डुलणारे, ज्याला डीए म्हणतात ते, नवशिक्याला बरे. गॅरेजातले गोल फिरणारे बफिंग मशीन एका जागी रेंगाळले की रंग जाळते, आणि काळ्या गाडीवर त्याच्या पॅडच्या लाटा उमटतात. पुष्कळ गाड्यांवरच्या रेघा या अशा बफिंगच्याच असतात. चाचा स्वतः आयुष्यभर हेच मशीन चालवत आले, तरी पोराला म्हणाले, "तू इसको हाथ मत लगा." मशीनवर काम करणाऱ्याने तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावावा, बाह्या सैल ठेवू नयेत.

एक फसवणूक सांगितली पाहिजे. काही ठिकाणी तेलकट पॉलिश फासून गाडी आरशासारखी करून देतात. रेघा तेलाने नुसत्या भरलेल्या असतात, चार धुण्यांत परत दिसतात आणि बोलणी चालकालाच खावी लागतात. काम झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक भाग पुसायला सांगावे. मेडिकल दुकानात ते मिळते. तेल निघून गेले की खरे काय ते दिसते. टूथपेस्टचाही पुष्कळ बोलबाला आहे. तिच्यात सौम्य घासणारी पूड असते, एखादी रेघ पुसट होते, त्यापलीकडे तिचा उपयोग नाही. डिझेलचा हात मारून चमक आणणे तर सोडूनच द्यावे. त्यावर धूळ चिकटते आणि उद्याचे फडके आणखी खरबरीत होते.

रेघा काढण्यापेक्षा त्या पडू न देणे अवघड आहे, आणि त्याचे कारण पाणी. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचे पाणी आणावे लागले. अशा गावात रोज पाइप लावून गाडी धुवा असे सांगणे शोभत नाही. चाचांची रीत दोन बादल्यांची आहे. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसते पाणी. आधी शेतीच्या फवारणी पंपाने धूळ भिजवून खाली सोडायची. पंप मात्र नवा हवा, औषध मारलेला नको. मग वरून खाली, छतापासून दारांपर्यंत, हलक्या हाताने पुसायचे आणि दर वेळी कापड आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचे. चाकांचे कापड वेगळे ठेवायचे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, ती वॅक्स उतरवते. बोअरचे पाणी वाळू देऊ नये, क्षाराचे पांढरे डाग काळ्यावर पक्के बसतात. ज्या दिवशी पाणी नाही त्या दिवशी गाडी धुळीची राहू द्यावी. धुळीने रंग खराब होत नाही, ती कोरडी पुसल्याने होतो.

घरच्या बाईमाणसांसाठीही यात काम आहे. गाडीसाठी जुन्या साडीचा तुकडा देताना काठ कापून टाका, ब्लाऊजचे हूक आणि सदऱ्याची बटणे काढा. मायक्रोफायबरचे कापड घेतले असेल तर ते वेगळ्या बादलीत धुवा आणि दोरीवर वाळवा. कुंपणावर टाकलेल्या कापडात काटे आणि कुसळे अडकून राहतात.

भाच्याने एका रविवारी साहेबांसमोरच बॉनेटचा एक चौकोन करून दाखवला. मधे टेप लावून अर्धा भाग तसाच ठेवला होता. साहेब टॉर्च घेऊन बराच वेळ वाकून पाहत राहिले. कापलेले दोन हजार परत मिळाले नाहीत. बाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी दोन नव्या बादल्या पोर्चमध्ये आणून ठेवल्या. उरलेली गाडी त्याने पुढच्या तीन रविवारांत केली, आणि त्या कामाचे पैसे आधी ठरवून घेतले.