पदवीवर नाव कुणाचं आणि लेक शिकते कुठं?

मागच्या कार्यक्रमात आपण बारावीनंतरच्या वाटांबद्दल बोललो होतो. त्यानंतर जळकोटच्या बाजारात एका ताईंनी मला थांबवलं. हातात भाजीची पिशवी, सोबत लेक. त्या म्हणाल्या, "मॅडम, पोरीला कॉम्प्युटर सायन्सची पदवी करायची आहे. नांदेडचं विद्यापीठ चांगलं का पुण्याचं, एवढं एका शब्दात सांगा."

एका शब्दात मला सांगता आलं नाही. आज सवडीनं सांगते, कारण हा प्रश्न एका घरचा नाही.

आधी विद्यापीठ म्हणजे काय ते पाहू. आपल्या बोलण्यात विद्यापीठ, महाविद्यालय, इन्स्टिट्यूट सगळं एकच होऊन जातं. पण पदवीच्या कागदावर नाव असतं विद्यापीठाचं, आणि लेक रोज बसते महाविद्यालयाच्या वर्गात. अभ्यासक्रम ठरवणं, पेपर काढणं, निकाल लावणं ही कामं विद्यापीठाची. शिकवणारे मास्तर, प्रयोगशाळा, वाचनालय, मुलींची खोली ही महाविद्यालयाची. एकाच विद्यापीठाच्या दोन महाविद्यालयांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून 'कोणतं विद्यापीठ' विचारलं की मी उलट विचारते, 'त्यातलं कोणतं महाविद्यालय?'

आपल्या भागापुरतं बघा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात विद्यापीठ म्हटलं की हैदराबादचं उस्मानिया, आणि तिथं शिक्षण उर्दूतून. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, तेव्हा ते जरा जवळ आलं. मग १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हा त्याचा भाग. उदगीर-लातूरच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. केलेल्या मुलीच्या पदवीवर बहुतेक वेळा याच विद्यापीठाचं नाव येतं.

अभियांत्रिकीचं मात्र वेगळं झालंय. लातूर-नांदेडकडच्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांची संलग्नता आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला आहे. हे विद्यापीठ रायगड जिल्ह्यात लोणेरेला, मुंबई-गोवा रस्त्यावर. म्हणजे पोरगी शिकते लातूरला आणि तिची पदवी येते कोकणातून! यात काही गैर नाही. ते सरकारी विद्यापीठ आहे. पण हे माहीत नसलं की घरात गोंधळ होतो. एका आईला वाटलं होतं, लोणेरे म्हणजे लेकीला कोकणात पाठवावं लागणार, म्हणून तिनं फॉर्मच भरू दिला नव्हता.

तिसरा प्रकार स्वायत्त संस्थेचा. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे, १९८१ पासूनची, सरकारी अनुदान असलेली. ती आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः बघते. आपल्या मुलींना घरापासून फार लांब न जाता मिळणारी मोठी संधी मी हीच मानते. तिथं कॉम्प्युटरला नंबर लागायला गुण मात्र भरपूर लागतात.

आता जरा कडू बोलते. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे हे दरवर्षी डोळ्यांनी बघते. आपल्याकडे 'लातूर पॅटर्न'चा दबदबा. दहावीला चांगले गुण पडले की पोरगी डॉक्टर होणार असं घर ठरवून टाकतं. अकरावीला जीवशास्त्र घेतात आणि गणित सोडून देतात. दोनदा नीट देऊन झाली, नंबर लागला नाही, की मग आठवतं कॉम्प्युटर. तेव्हा बी.टेक.चं दार बंद झालेलं असतं. कारण अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, आणि सीईटीही गणिताच्या गटातून द्यावी लागते. काही विद्यापीठांत तर बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सलाही बारावीचं गणित मागतात. म्हणून ज्यांची लेक आत्ता दहावीत आहे त्यांनी कान देऊन ऐका: नीटची तयारी करायची तर करा, पण जीवशास्त्रासोबत गणितही राहू द्या. दोन वर्षं ओझं वाढतं हे खरं, पण नंतर वाट उरते.

कॉम्प्युटरच्या पदव्या मुख्यतः तीन. बी.टेक. चार वर्षांची. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स तीन वर्षांची, नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते. आणि बी.सी.ए. तिला बहुतेक ठिकाणी कला-वाणिज्यवाल्या मुलीही चालतात. बी.सी.ए.च्या बाबतीत २०२४ पासून एक बदल झालाय. हा अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आला आणि राज्यात त्यासाठी सीईटी सुरू झाली. मग काही महाविद्यालयांनी सीईटी टाळायला अभ्यासक्रमाचं नावच बदललं. त्यामुळे पाटीवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. पदवीच्या कागदावर नेमकं काय छापून येणार आणि ती धरून पुढं एम.सी.ए.ला बसता येतं का, हे लेखी विचारा.

बी.टेक. मिळालं नाही म्हणून रडत बसलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांना सांगते, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स ही दुय्यम गोष्ट नाही. तीन वर्षांची बी.एस्सी. आणि दोन वर्षांचं एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. करून नोकरीला लागलेल्या मुली थोड्या नाहीत. शिवाय बारावीला गणित असेल तर बी.एस्सी. झाल्यावर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेल्या मुलीही त्याच दारानं जातात.

मग महाविद्यालय पारखायचं कसं? माझं म्हणणं, जाहिरातीतल्या इमारतीचा फोटो बाजूला ठेवा आणि एका कामाच्या दिवशी दुपारी तिथं जाऊन उभं राहा. रविवारी नको, प्रवेशाच्या गर्दीतही नको. प्रयोगशाळेत डोकावा. यंत्रं चालू आहेत का प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकून ठेवलीत? एका यंत्रावर किती मुलं बसतात? वीज गेली तर काय होतं? आपल्याकडे हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही.

मग शिक्षकांचं विचारा. आपल्या भागात बऱ्याच जुन्या, नावाजलेल्या महाविद्यालयांतही कॉम्प्युटर सायन्सची तुकडी विनाअनुदानित असते. मूळ महाविद्यालयाचं नाव मोठं, पण या तुकडीचे शिक्षक तासिका तत्त्वावर, दिवाळीनंतर कोण राहील सांगता येत नाही. सी, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस हे विषय कोण शिकवतं, ते किती वर्षांपासून आहेत, एवढं विचारायला इंग्रजी यावं लागत नाही. सगळ्यात खरं उत्तर मिळतं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींकडून. त्यांना बाजूला घेऊन विचारा, "बाई गं, गेल्या महिन्यात प्रॅक्टिकलचे किती तास झाले?" पोरी खोटं बोलत नाहीत.

नॅक आणि एनबीए ही दोन नावंही ध्यानात ठेवा. नॅकची श्रेणी सगळ्या महाविद्यालयाची असते, एनबीएची मान्यता एकेका शाखेची. मेकॅनिकलला एनबीए आहे म्हणजे कॉम्प्युटरला आहेच असं नाही. आणि प्लेसमेंटचा फलक बघताना मोठ्या पगाराच्या एका मुलाच्या फोटोवर भाळू नका. वर्गातल्या साठांपैकी किती जणांना, कोणत्या कामाची नोकरी लागली ते विचारा.

इथं माझ्याच घरची गोष्ट सांगते. माझ्या भाचीच्या वेळी एक गृहस्थ गावात आले. मोठ्या शहरातल्या एका खासगी संस्थेचं चकचकीत पुस्तक दाखवलं. "जागा संपत आल्यात," म्हणाले. सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते. माझ्या भावानं आगाऊ रक्कम दिली, मूळ गुणपत्रिका आणि टीसीही दिला. पंधरा दिवसांनी घरापासून जवळच्या महाविद्यालयात तिचा नंबर लागला. पण कागद अडकले तिकडे! चार खेपा, बसभाडं, विनवण्या. कागद मिळाले तेव्हा इकडची मुदत दोन दिवसांवर आली होती. पैसे सगळे परत आलेच नाहीत. मी शिकलेली, मास्तरीण, आणि मला वेळेवर ठाऊक नव्हतं की मूळ कागदपत्रं तपासून लगेच परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०१८ मध्ये संस्थांना बजावलेलं आहे. मुदतीत प्रवेश रद्द केला तर फी परत करण्याचे नियमही आहेत. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादीही जाहीर करते. कुठलंही अनोळखी नाव आलं की आधी सेतू केंद्रावर किंवा मोबाईलवर ती यादी उघडून बघा.

पैशाचं बोलू. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं मुलींसाठी मोठी सवलत आली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. पण त्यातली मेख ऐका. ही माफी सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून, मिळालेल्या प्रवेशालाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही ती लागू नाही. वसतिगृह, मेस हा खर्च त्यात येत नाहीच. म्हणजे पुण्याकडच्या एखाद्या खासगी विद्यापीठाचा प्रतिनिधी 'मुलींना शिक्षण मोफत आहे' म्हणाला, तर त्याला विचारा, कुठल्या निर्णयानं?

मग पुणे नकोच का? तसं नाही. पुण्यात कंपन्या आहेत, चांगली महाविद्यालयं आहेत, तिथल्या मुलींच्या बोलण्यात धीटपणा येतो. पण अभियांत्रिकीच्या बहुतेक महाविद्यालयांत ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात, आणि हद्द धरतात बारावी कुठून केली त्यावरून. वैद्यकीयचं ७०-३० २०२० मध्ये रद्द झालं, त्यामुळे लोकांना वाटतं सगळीकडचंच गेलं. शिवाय पुण्यात खोली आणि मेसचा चार वर्षांचा हिशोब वहीत मांडून बघा. पुण्यातलं सर्वसाधारण महाविद्यालय आणि नांदेडचं चांगलं महाविद्यालय यांत मी डोळे झाकून नांदेड घेईन. पुण्यातलं खरोखर उत्तम मिळत असेल तर मात्र आईनं 'लांब आहे' म्हणून अडवू नये. लग्न लांब करून देताना आपण बसचे तास मोजत नाही.

फॉर्म भरताना पसंतीक्रम सेतूवाल्या पोरावर सोडू नका. २०२५ पासून नियम कडक झालेत. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी एखादी मिळाली, तर ती जागा घ्यावीच लागते. नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून जिथं लेकीला खरंच जायचं नाही ते नाव वर टाकू नका. गुण कमी आहेत म्हणून आवडतं महाविद्यालय खाली ढकलू नका. आणि मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, हे लक्षात ठेवून यादी करा.

ज्या सुना आणि लेकी घर सोडू शकत नाहीत, त्यांनीही रेडिओ बंद करू नये. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू, दोन्हीकडे बी.सी.ए. आहे. आयआयटी मद्रासनं २०२० पासून डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली आहे. तिला जेईई लागत नाही, बारावीची शाखा कोणतीही चालते, दहावीला गणित-इंग्रजी हवं. आधी काही आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायच्या. उत्पन्नानुसार फीत सवलतही आहे. अभ्यास इंग्रजीतून आणि चांगला कठीण. पण जीवशास्त्राच्या वाटेवर अडकलेल्या एखाद्या हुशार मुलीला हे दार उघडं आहे.

बाजारात भेटलेल्या त्या ताईंच्या लेकीकडे गणित आहे. मी तिला विष्णुपुरी वर टाकायला सांगितलंय, मग लातूरची दोन, आणि उदगीरची बी.एस्सी. हाताशी. पुण्याची दोन नावं तिनं स्वतः निवडलीत, ती कुठं बसवायची यावर मायलेकींचं अजून जमलेलं नाही.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर हे कागद निकालाची वाट न बघता काढून ठेवा. जून लागला की तहसीलला रांग लागते. पुढच्या बुधवारी या दाखल्यांबद्दलच बोलू. प्रश्न असतील तर केंद्रावर चिठ्ठी टाका.