मेट्रो स्टेशनजवळ गाळा मिळतोय, घेऊ का?

लोकेशनवरचा व्हिडिओ आल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, मेट्रो स्टेशनच्या अगदी समोर गाळा मिळतोय, भाडं जास्त आहे पण गर्दी बघा ना, घेऊ का?" व्हिडिओत दोन मिनिटांत उरकलेला हा विषय इथे सविस्तर लिहितो. उदाहरणं पुण्याची घेतोय, कारण शहराच्या मध्यावर नवं जंक्शन उभं राहिलं की काय काय होतं, ते सगळं पुण्यात सध्या एकाच वेळी बघायला मिळतं. तुम्ही ठाण्याचे असा की नागपूरचे, हिशोब तोच लागतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. पुणे मेट्रोचे पहिले दोन तुकडे मार्च 2022 मध्ये सुरू झाले. तेव्हा ते शहराच्या दोन टोकांना होते, मध्ये काही जोडणी नव्हती. ऑगस्ट 2023 मध्ये दोन्ही मार्ग शिवाजीनगरच्या सिव्हिल कोर्टपाशी, म्हणजे पाटीवरच्या 'जिल्हा न्यायालय' स्टेशनात, एकमेकांना भेटले. सप्टेंबर 2024 मध्ये भुयारी मार्ग कसबा पेठ, मंडई करत स्वारगेटला पोचला. हिंजवडीहून येणारा पीएमआरडीएचा तिसरा मार्गही सिव्हिल कोर्टपाशीच येऊन संपतो. म्हणजे नकाशावर बोट ठेवायचं झालं तर पुण्याचं नवं मध्य हेच.

आता नवा माणूस नकाशा बघतो आणि म्हणतो, तीन मार्ग एकत्र, म्हणजे लाखो लोक, म्हणजे माझा वडापाव हातोहात जाणार. इथेच पैसे अडकतात.

गाडी बदलणारा माणूस तुमचं गिऱ्हाईक नाही

सिव्हिल कोर्टला वनाज–रामवाडी मार्ग वर पुलावर आहे आणि पिंपरी–स्वारगेट मार्ग जमिनीखाली, सुमारे 33 मीटर खोल. देशातल्या सर्वांत खोल स्टेशनांपैकी ते एक आहे. पिंपरीहून येऊन डेक्कनला जाणारा माणूस काय करतो? सरकत्या जिन्यावर उभा राहतो, वर येतो, आतल्या आत दुसऱ्या फलाटावर जातो आणि निघून जातो. तो रस्त्यावर येतच नाही! तुमची पाटी त्याला दिसत नाही, तुमच्या तळणाचा वास त्याच्यापर्यंत पोचत नाही. पेपरात 'इतक्या प्रवाशांनी स्टेशन वापरलं' असा आकडा येतो, त्यातले किती गेटबाहेर पडले आणि त्यातले किती तुमच्या गेटमधून पडले, हे तुम्हालाच मोजावं लागतं.

गाडी बदलणाऱ्यांसाठी धंदा करायचा तर तो स्टेशनच्या आत करावा लागतो. तिथल्या जागा महामेट्रो टेंडर काढून भाड्याने देते, आणि तो वेगळाच खेळ आहे. अनामत, फिट-आउटचे नियम, स्वयंपाकावरची बंधनं. पहिलाच धंदा असेल तर मी तिकडे जा म्हणणार नाही.

मग सिव्हिल कोर्टच्या बाहेर गिऱ्हाईक कोण? कोर्टाचंच. पक्षकार, वकील, कारकून, झेरॉक्सवाले, टायपिस्ट, तारखेला गावाहून आलेली मंडळी. हे गिऱ्हाईक मेट्रोच्या आधीही होतं. ते चांगलं आहे, थांबणारं आहे, दोनदा चहा पिणारं आहे. पण त्याचं कॅलेंडर तुमच्या हातात नाही.

जरा आकडे मांडू. हे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा गाळ्याचं भाडं 40,000, दोन माणसांचा पगार 30,000, लाईट, गॅस आणि किरकोळ 10,000. महिन्याचा बांधील खर्च 80,000. एका गिऱ्हाइकाचं बिल सरासरी 40 रुपये आणि माल जाऊन हातात 20 राहतात. महिन्यात 26 दिवस धंदा झाला तर रोज 154 गिऱ्हाइकं आली की तुम्ही शून्यावर. नफा अजून सुरूच झालेला नाही. आता कोर्टाचं कॅलेंडर लावा. रविवार बंद, दुसरा आणि चौथा शनिवार बंद, वर सणाच्या दोन-तीन सुट्ट्या. उरले 21 दिवस. त्याच गाळ्याला आता रोज साधारण 190 गिऱ्हाइकं लागतात. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना तर अजून धरलाच नाही. भाडं मात्र मे महिन्यातही 40,000 च.

म्हणून गाळा बघायला जाताना मालकाला पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. 'इथे रविवारी काय असतं?' हे विचारा, आणि उत्तरावर न थांबता स्वतः एक रविवार तिथे जाऊन उभे रहा.

शेवटचं स्टेशन आणि मधलं स्टेशन

स्वारगेटचं गणित उलट आहे. गाडी तिथे संपते, म्हणजे आत बसलेला प्रत्येक जण बाहेर येतोच. शिवाय एसटी स्टँड आहे, पीएमपीच्या बस आहेत. साताऱ्या-कोल्हापूरकडे जाणारा माणूस बॅग घेऊन अर्धा तास थांबतो. थांबलेला माणूस खातो, पाण्याची बाटली घेतो, चार्जर विसरला असेल तर चार्जर घेतो. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर चालणाऱ्या हजार माणसांपेक्षा थांबलेली शंभर बरी.

पण थांबा. केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये स्वारगेट ते कात्रज हा पुढचा मार्ग मंजूर केलाय, सुमारे साडेपाच किलोमीटर, पूर्ण भुयारी. तो सुरू झाला की स्वारगेट शेवटचं स्टेशन राहणार नाही. आज कात्रज, धनकवडी, बिबवेवाडीचा माणूस स्वारगेटला उतरून बस किंवा रिक्षा पकडतो. उद्या तो खालच्या खाली पुढे जाईल. आज गेटसमोर शेअर रिक्षांची रांग दिसते आणि त्या रांगेच्या जोरावर मालक भाडं सांगतो, ती रांग पुढे सरकणार. एसटीवाला प्रवासी राहील, घरी परतणारा कमी होईल. तुमचा माल कोणासाठी आहे? प्रवाशासाठी असेल तर काळजी कमी. संध्याकाळी घरी नेण्याची भाजी-ब्रेड-दूध असेल, तर नऊ वर्षांचा करार करण्याआधी दोनदा विचार करा.

मंडईचं तिसरंच. महात्मा फुले मंडईची इमारत 1886 ची आहे. तिथे माणूस मेट्रोमुळे जात नव्हता आणि आजही मेट्रोमुळे जात नाही, खरेदीसाठीच जातो. मेट्रोने फक्त पार्किंगची कटकट काढली. जो पिंपरीकर 'गाडी कुठे लावायची' म्हणून येत नव्हता तो आता येतो. पण तो हातात पिशवी घेऊन मेट्रोनेच परत जाणार आहे, हे विसरू नका. वजनदार माल घेणार नाही, हलका आणि नीट बांधलेला घेईल. पॅकिंगवर चार रुपये खर्च करणाऱ्या दुकानदाराला तिथे खरा फायदा आहे. मला विचाराल तर छोट्या उद्योजकासाठी या तिघांत मंडईचा परिसर सगळ्यात भरवशाचा.

गेट, रस्त्याची बाजू आणि दोन मिनिटं

एका स्टेशनला अनेक गेट असतात आणि सगळी सारखी चालत नाहीत. सकाळी लोक ज्या बाजूने स्टेशनात शिरतात तिथे चहा-नाश्ता चालतो, पण घाईचा. संध्याकाळी ज्या बाजूला बाहेर पडून घराकडे वळतात तिथे भाजी, फुलं, फरसाण. मध्ये डिव्हायडर असेल तर समोरचं गेट तुमच्यासाठी दुसऱ्या गावात आहे असं समजा. आणि गेटपेक्षाही रिक्षा स्टँड आणि बस थांबा कुठे आहे ते बघा. माणसाचे पाय तिकडे वळतात.

मेट्रोची गर्दी झुंडीने येते. गाडी आली, दोन मिनिटं लोंढा, मग पुढच्या गाडीपर्यंत शुकशुकाट. त्या दोन मिनिटांत तुम्ही दहा जणांना माल देऊ शकलात तर दहा, नाहीतर तिघांना देऊन सात जण पुढे. म्हणून तिथे पंचवीस पदार्थांचा बोर्ड चालत नाही. चार पदार्थ, आधी बांधून ठेवलेले, भाव गोल आकड्यात, क्यूआर कोड दोन ठिकाणी. डोसा हा झुंडीचा पदार्थ नव्हे.

मोजणी कशी करायची? वही-पेन घ्या. सकाळी 8 ते 10, दुपारी एक तास, संध्याकाळी 6 ते 8, आणि रविवारी एकदा. तुमच्या होऊ घातलेल्या गाळ्यासमोरून किती गेले याची रेघ ओढा, आणि शेजारच्या तशाच दुकानात किती थांबले याची दुसरी रेघ. तासाला 600 गेले आणि 12 थांबले तर शंभरात दोन. दहा तास तोच वेग धरला तरी 120 होतात. वरच्या हिशोबाला 154 लागत होते. बघा, एवढी गर्दी असूनही गाळा तोट्यात.

नवं बांधकाम: वरदान, पण कधी?

विकास येणार म्हणून आज भाडं भरायचं, हा सगळ्यात महाग विचार आहे. शिवाजीनगरचं एसटी स्टँड घ्या. मेट्रोच्या कामासाठी 2019 च्या अखेरीस ते वाकडेवाडीला हलवलं. 'तात्पुरतं' म्हणून. त्या तात्पुरत्याची वर्षं उलटत गेली. जुन्या स्टँडसमोर नाश्ता, लॉज, बॅगा विकणाऱ्यांचं गिऱ्हाईक एका रात्रीत दुसरीकडे गेलं. गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्ये पाडला, त्यानंतर पत्र्यांच्या मागे दुकानं किती काळ राहिली हे तिथल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. स्टेशन झाल्यावर त्या रस्त्याचं सोनं होईलही. पण मधली वर्षं घरातून पैसे घालून काढायची ताकद छोट्या माणसात नसते, आणि सोनं होईपर्यंत भाडंही सोन्याचं झालेलं असतं.

दुसरी गोष्ट एफएसआयची. मेट्रो स्टेशनपासून 500 मीटरच्या आत पुण्यात जास्तीचं बांधकाम करता येतं, रस्त्याची रुंदी आणि प्लॉट बघून कमाल 4 एफएसआयपर्यंत. बिल्डरसाठी हे आमंत्रण आहे. म्हणजे पेठेतली ज्या जुन्या इमारतीत तुम्ही गाळा बघताय, ती दोन-तीन वर्षांत पाडली जाऊ शकते. तिथला पागडीचा जुना भाडेकरू नव्या इमारतीत हक्क मागू शकतो. लिव्ह अँड लायसन्सवर आलेले तुम्ही नाही. फर्निचर, फरशी, शटर, पाटी यांत घातलेले तीन-चार लाख मातीत.

म्हणून करारात काय हवं ते सांगतो. लॉक-इन दोन्ही बाजूंनी सारखं ठेवू नका. मालकाला तीन वर्षं, तुम्हाला सहा महिने, असं मागा. नऊ-दहा महिन्यांवर तडजोड झाली तरी चालेल. पुनर्विकासामुळे गाळा सोडावा लागला तर किती महिन्यांची नोटीस आणि फर्निचरची किती भरपाई, हे आकड्यात लिहून घ्या. समोर पत्रे लागले तर तेवढे महिने भाडं निम्मं, हे कलम ऐकून मालक हसेल. तरी मागा. आणि करार नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. 'स्टॅम्पपेपरवर करून टाकू' म्हणणाऱ्याला हे नम्रपणे सांगा.

गाळा परवडत नाही म्हणून गेटसमोर हातगाडी लावू, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. पथविक्रेता कायदा 2014 चा आहे. त्यात विक्री प्रमाणपत्र ज्याच्या नावावर, त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी धंदा करायचा. ते भाड्याने देता येत नाही. त्यामुळे 'पन्नास हजार द्या, माझी जागा तुमची' म्हणणारा तुम्हाला जे विकतोय ते विकायचा त्याला हक्कच नाही. गाडी उचलली की तक्रार कोणाकडे करणार? मुंबईत तर उच्च न्यायालयाने 2017 मध्ये रेल्वे स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाईच केली. तुमच्या शहरात कुठला रस्ता विक्री क्षेत्र आहे आणि कुठला नाही, हे महापालिकेच्या अतिक्रमण विभागात जाऊन विचारा, शेजारच्या गाडीवाल्याला नाही.

मग माझं उत्तर काय? पहिलाच धंदा असेल तर गेटसमोरचा गाळा सोडा. गेटपासून वस्तीकडे जाणाऱ्या गल्लीत, दोन-तीनशे मीटर आत, जिथे माणूस चालत घरी जातो आणि भाडं निम्म्यावर येतं, तिथे बघा. तिथे गिऱ्हाईक कमी, पण तेच तेच परत येतं, आणि रविवारीही असतं. आधी वही घेऊन चार वेळा उभे रहा, मग टोकन द्या. तुमची मोजणी झाली की भाडं, जाणारे आणि थांबणारे हे तीन आकडे व्हिडिओखाली लिहून पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही घेऊन हिशोब करून दाखवतो.