नव्या पिल्लाची शी-शू आणि घराचे आरोग्य

घरात कुत्र्याचे पिल्लू येते तेव्हा मुलांना त्याचे नाव ठरवण्याची घाई असते. मोठ्यांच्या मनात मात्र एकच प्रश्न घोळत असतो: हे शी-शू कुठे करणार? पहिले चार दिवस कौतुकात सरतात. मग गालिच्यावर, पलंगाखाली, देवघराच्या दारात ओले डाग दिसू लागतात. पुसण्याचे काम बहुधा घरातल्या एकाच व्यक्तीवर येऊन पडते आणि महिनाभरात ‘देऊन टाकू या कुणाला तरी’ हे वाक्य पहिल्यांदा उच्चारले जाते. अनेक पिल्लांचे घर याच कारणाने सुटते. वास्तविक हा प्रश्न पिल्लाच्या हट्टीपणाचा नसतोच. त्याच्या शरीराची वाढ आणि आपल्या घराचे वेळापत्रक यांचा मेळ बसलेला नसतो, एवढेच. तो बसवणे आपल्या हाती आहे.

निसर्गाने दिलेला पहिला धडा

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला स्वतःहून मलमूत्र विसर्जन करता येत नाही. आई त्याला चाटते, त्या स्पर्शाने ती क्रिया घडते आणि आईच ती जागा स्वच्छ ठेवते. साधारण तीन आठवड्यांनंतर पिल्लू आपले आपण शी-शू करू लागते आणि त्यासाठी झोपण्याच्या जागेपासून थोडे दूर सरकू लागते. जिथे निजायचे तिथे घाण करायची नाही, ही जाण त्याच्यात उपजत असते. आपण तिचा परीघ वाढवत न्यायचा आहे: आधी अंथरूण, मग खोली, मग सारे घर.

म्हणूनच आईपासून फार लवकर तोडलेले किंवा अरुंद, घाणेरड्या पिंजऱ्यात वाढलेले पिल्लू शिकवणे अवघड जाते. त्याची ही उपजत जाणच बोथट झालेली असते. आपल्या देशात 2017 साली आलेल्या श्वानप्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लू आणताना त्याचे वय आणि ते कशा जागेत वाढले हे आपण आवर्जून पाहावे.

मूत्राशयाचे गणित

पिल्लू दिवसा किती वेळ थांबू शकेल याचा एक ढोबळ हिशेब आहे. त्याचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास थांबेल, तेही शांत पडून असेल तर. जागे असताना, खेळताना त्याला तासाभरात, कधी त्याहूनही लवकर जावे लागते. बहुतेक पिल्लांना चार ते सहा महिन्यांच्या सुमारास चांगला ताबा येतो. लहान चणीच्या जातींना त्याहून अधिक काळ लागू शकतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. सकाळी नऊला कुलूप लावून सायंकाळी सहाला परतणाऱ्या घराने दोन महिन्यांच्या पिल्लाकडून कोरड्या फरशीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. अशा घरात दुपारी कुणी तरी येऊन जाण्याची सोय पिल्लू आणण्यापूर्वीच झालेली असावी.

शी-शूच्या वेळा बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पंधरा ते तीस मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी. पोटात अन्न गेले की आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे जेवणाची वेळ ठरली की शीची वेळही आपोआप ठरते. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा ठरावीक वेळी खायला द्यावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी भांडे उचलावे. दिवसभर भांडे भरून ठेवल्यास वेळेचा अंदाज बांधता येत नाही. पाणी मात्र तोडू नये, विशेषतः उन्हाळ्यात. पहिले काही आठवडे रात्री एकदा-दोनदा उठावे लागेल, याची मनाची तयारी ठेवावी.

मधल्या वेळेत पिल्लू नजरेच्या टप्प्यात असावे. जमिनीचा वास घेत गोल फिरणे, खेळता खेळता अचानक थांबणे, दाराकडे किंवा कोपऱ्याकडे जाणे, या त्याच्या खुणा आहेत. त्या दिसताच त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यावे.

जागा कोणती?

पिल्लाला स्थळाइतकीच पायाखालच्या पृष्ठभागाची सवय लागते. सुरुवातीपासून जिथे शेवटी जायचे आहे, तसाच पृष्ठभाग देणे उत्तम. मात्र इथे आरोग्याचा मुद्दा आडवा येतो. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होणारी लसमालिका साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालते. ती पूर्ण होईपर्यंत इतर कुत्री वावरतात अशा रस्त्यावर किंवा मैदानात पिल्लाला सोडू नये.

सदनिकेत राहणाऱ्यांनी तोवर बाल्कनीच्या एका कोपऱ्यात माती किंवा हिरवळ घातलेला पसरट ट्रे ठेवावा. पुढे बाहेरच्या मातीची ओळख त्यामुळे सोपी जाते. वर्तमानपत्रही चालते, पण त्याची सवय पक्की झाली की आजोबांनी वाचता वाचता खाली ठेवलेला अंकही पिल्लाला आपल्यासाठीच अंथरलेला वाटतो! पावसाळ्यात बाहेर पडायला नाखूष असणाऱ्या पिल्लालाही हा ट्रे उपयोगी पडतो.

शाबासकी हवी, शिक्षा नको

ठरलेल्या जागी शी-शू झाली की त्याच क्षणी शाबासकी द्यावी. घरात आल्यावर दिलेला खाऊ ‘घरात आल्याबद्दल’ मिळाला असे पिल्लू समजते. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा पुरेसा आहे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका कदापि देऊ नयेत. ते कुत्र्यांना विषारी असतात. ‘शू कर’ हा एकच शब्दप्रयोग घरातल्या सर्वांनी वापरावा. आजी एक म्हणते, नातू दुसरेच म्हणतो, असे झाल्यास पिल्लू गोंधळते.

झालेल्या जागी नाक घासण्याची पद्धत आजही अनेक घरांत दिसते. ती क्रूर तर आहेच, निरुपयोगीही आहे. पाच मिनिटांपूर्वीच्या कृतीशी पिल्लू शिक्षेचा संबंध जोडू शकत नाही. माणसासमोर शू करणे धोक्याचे, एवढेच ते शिकते आणि पुढच्या वेळी सोफ्यामागे जाते. ‘पण त्याचा चेहरा बघा, त्याला कळलेय!’ असे आपण म्हणतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा ‘अपराधी चेहरा’ मालक रागावल्यावर दिसला, कुत्र्याने चूक केलेली असो वा नसो. तो चेहरा आपल्या रागाला दिलेला प्रतिसाद असतो.

काही पिल्ले आपण अंगावर वाकलो किंवा मोठ्याने बोललो की तिथेच थेंब-थेंब शू करतात. हा भीतीचा आणि नमतेपणाचा आविष्कार आहे. रागावल्यास तो वाढतो. खाली बसून शांतपणे जवळ घेतल्यास वयानुसार ओसरतो.

डाग आणि जंतू

जिथे वास उरतो तिथे पिल्लू पुन्हा जाते. शू आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावी, मग जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. मूत्रातील घटकांचे विघटन करणारी विकरयुक्त द्रावणे त्याहून परिणामकारक असतात. अमोनिया असलेली द्रावणे टाळावीत, कारण त्यांचा वास मूत्राशी मिळताजुळता असतो. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे फिनेलही जपून वापरावे. त्यात फिनॉलवर्गीय द्रव्ये असल्यास ओल्या फरशीवर चालून पंजे चाटणाऱ्या पिल्लाला ती बाधतात. मूत्रावर ब्लीच ओतल्यास घातक वायू निर्माण होऊ शकतो.

पिल्लांना गोलकृमी बहुधा आईच्या पोटातूनच मिळालेले असतात. विष्ठेतून पडलेली त्यांची अंडी मातीत काही आठवड्यांनी संसर्गक्षम होतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरतात. म्हणून विष्ठा ताबडतोब उचलावी, हात साबणाने धुवावेत आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने पिल्लाला नियमित जंतनाशक द्यावे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू बाधित कुत्र्याच्या मूत्रातूनही पसरतात, म्हणून साफसफाई हातमोजे घालून करावी आणि त्याची लस विचारून घ्यावी. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस चुकवू नये. गर्भवतींच्या मनात टोक्सोप्लाझ्माची धास्ती असते. त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून पडतात, कुत्र्याच्या नव्हे. तरीही त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे हे बरे.

शिकलेले पिल्लू अचानक पुन्हा घरात शू करू लागले, वारंवार थोडी-थोडी करू लागले, कुंथू लागले किंवा मूत्रात रक्त दिसले, तर ते मूत्रमार्गाच्या संसर्गाचे लक्षण असू शकते. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि जुलाब झाल्यास त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.

वाटणी आजच करा

पिल्लू घरी येण्यापूर्वी कागदावर वेळा लिहून फ्रिजवर लावाव्यात आणि प्रत्येक वेळेपुढे एक नाव असावे. पहाटेची फेरी बाबांची, दुपारची आजीची, रात्री निजण्यापूर्वीची आईची. दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे सायंकाळची फेरी निर्धास्त सोपवता येईल. चुकलेल्या वेळाही त्याच कागदावर नोंदवाव्यात. आठवड्याने पाहिल्यास ध्यानात येईल की बहुतेक डाग ठरलेली फेरी उशिरा झाली त्या वेळचे आहेत. सलग दोन आठवडे डाग न पडल्यास पिल्लाला आणखी एक खोली मोकळी करून द्यावी. पडल्यास न रागावता एक पाऊल मागे यावे.