मुलं परदेशात, कागद घरच्या डब्यात



पूर्वी मुलगा चाकणला कामाला गेला तरी लांब गेल्यासारखं वाटायचं. आता हिंजवडीच्या कंपन्या मारुंजीला लागूनच आहेत, आणि कुणाचा जावई जर्मनीत, कुणाची भाची अमेरिकेत, कुणाचा दीर दुबईत गाडी चालवतोय. आपल्यातल्याही काहीजणी लेकीच्या बाळंतपणाला तिकडं जातात. मग बैठकीत कुणीतरी विचारतंच, तिकडं काही झालं तर सांगायचं कुणाला?

भारताच्या वकिलातीला. दुसऱ्या देशाच्या राजधानीत आपला दूतावास असतो आणि काही मोठ्या शहरांत त्याची कचेरी, तिला कॉन्सुलेट म्हणतात. यूएईत दूतावास अबू धाबीला आणि कॉन्सुलेट दुबईला. अमेरिकेत वॉशिंग्टनला दूतावास, शिवाय न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन अशा शहरांत कॉन्सुलेट. जमिनीचं काम जसं आपल्याच सज्जाच्या तलाठ्याकडे होतं, तसंच हेही. आपलं माणूस राहतं तो भाग कुठल्या कॉन्सुलेटकडे येतो, ते आधीच विचारून लिहून ठेवा.

तिकडं पासपोर्ट हरवला, तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार द्यायची आणि तिची प्रत घेऊन कॉन्सुलेटला जायचं. तिथे नवीन पासपोर्टचा अर्ज करता येतो. लगेच घरी यायचं असेल तर 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' मिळतं. ते फक्त भारतात परत येण्यापुरतं असतं, त्यावर पुन्हा तिकडं जाता येत नाही.

पोलिसांनी धरलं तर? 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार पकडलेल्या माणसाला 'माझ्या वकिलातीला कळवा' असं म्हणायचा हक्क आहे. जाणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य इंग्रजीत पाठ करायला लावा. हा हक्क किती मोठा आहे ते मुंबईच्या कुलभूषण जाधवांच्या खटल्यात दिसलं. 2016 मध्ये पाकिस्तानने त्यांना पकडलं आणि आपल्या अधिकाऱ्यांना भेटू दिलं नाही. भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 17 जुलै 2019 ला न्यायालयाने पाकिस्तानने करार मोडल्याचं सांगितलं, आणि त्या सप्टेंबरात आपल्या अधिकाऱ्याला त्यांना भेटता आलं. भेट झाली, पण सुटका झाली नाही. वकिलातीचं काम असंच असतं. ती तुरुंगात भेटायला येते, वकिलांची यादी देते, घरी निरोप पोचवते. पण तिथल्या कोर्टाचा निकाल ती बदलू शकत नाही. दवाखान्याचं बिल किंवा दंड भरणं हेही तिचं नेहमीचं काम नाही. अगदीच हलाखीत अडकलेल्यांसाठी मात्र 2009 पासून 'भारतीय समुदाय कल्याण निधी' आहे. त्यातून परतीचं तिकीट, काही दिवसांचा निवारा, मृतदेह आणण्याचा खर्च होऊ शकतो. तो मागावा लागतो, आपणहून कुणी विचारायला येत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. तक्रार करायला तिकडं असायलाच हवं असं नाही. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल 2015 पासून चालू आहे. अडकलेल्या माणसाचे नातेवाईक इथूनच मोबाइलवर त्यात तक्रार टाकू शकतात. पगार थकला, मालकाने पासपोर्ट काढून घेतला, तुरुंगात आहे, पत्ताच लागत नाही, असं काहीही असो. तक्रारीला नंबर मिळतो, त्यावर पुढे काय झालं ते बघता येतं. फोन करायचा असेल तर 1800 11 3090 हा फुकटचा नंबर आहे. पण पलीकडचा माणूस पहिल्यांदा पासपोर्टचा नंबर विचारतो, आणि तिथेच बायांची पंचाईत होते. 'तो मुलाकडे आहे' म्हणून भागत नाही, कारण मुलगाच सापडत नाहीये! म्हणून गटाचं पासबुक ज्या डब्यात असतं त्यात जाणाऱ्याच्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स ठेवा. नोकरीचा करार, मालकाचं नाव-पत्ता, तिकडच्या एका मित्राचा नंबर हेही ठेवा. मोबाइलमधला फोटो पुरत नाही, मोबाइल बदलतो.

आपल्या भागात याची गरज जास्तच आहे. सप्टेंबर 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता की थायलंडमध्ये आयटीची नोकरी म्हणून पोरांना नेतात आणि म्यानमारमध्ये कोंडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात. मार्च 2025 मध्ये अशा सुटका झालेल्या 549 भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. ही कॉम्प्युटर शिकलेली मुलं होती, तेव्हा 'आमचा शिकलेला आहे, तो नाही फसायचा' असं कुणी म्हणू नये. टुरिस्ट व्हिसावर कामाला जायला सांगणारा एजंट खोटाच समजा.

आखाती देशांत जाणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं, आणि सौदी, कुवेत, ओमान, कतार धरून 18 देशांत कामाला जाताना त्याला सरकारची परवानगी लागते. परवानगीबरोबर 10 लाखांचा अपघाती विमा काढावा लागतो. त्याचा हप्ता दोन वर्षांचा 275 रुपये, तीन वर्षांचा 375. इतक्यासाठी कुणी टाळाटाळ करत असेल तर त्याचं काय सांगायचं! एजंट परवानाधारक आहे का ते 'ई-मायग्रेट' पोर्टलवर बघा. त्याला फी घ्यायची मुभा आहे 30,000 रुपये आणि वर जीएसटी. जास्त मागितले तर पावती मागा, मग बघा चेहरा कसा होतो. घरकामासाठी जाणारी ईसीआर पासपोर्टवाली बाई 30 वर्षांच्या आतली असेल तर परवानगीच मिळत नाही. वय वाढवून दाखवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

शेवटी जमीन. मारुंजीत गुंठ्याचे भाव कुठे गेलेत ते तुम्हाला माहीतच आहे, आणि सातबाऱ्यावर नाव असलेला भाऊ किंवा बहीण परदेशात असते. त्यांची सही लागली की कुलमुखत्यारपत्र तिकडे कॉन्सुलेटमध्ये साक्षांकित करून पाठवायला सांगा. असं पत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, म्हणून पाकीट आलं त्या दिवशीच त्याच्यावर तारीख लिहून ठेवा. आणि पत्रात काय लिहिलंय ते सही करणाऱ्याने आणि इथल्या बहिणींनी, दोघांनीही वाचायचं. 'सर्व अधिकार' असं एका ओळीत लिहिलेलं असेल तर नेमके कुठले, कुठल्या गटनंबरपुरते, ते आधी विचारायचं.