संग्रहात नसलेलं पत्र : अभाव कळतो तो कसा?

मागच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारलं होतं की, अनुपलब्धी हे प्रमाण रोजच्या व्यवहारात लागतं कुठे? त्याचं उत्तर आज आपण आमच्या अभ्यासमंडळाच्या मेल सर्व्हरवर शोधू.

मंडळाच्या सर्व्हरवर येणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत दुसरीकडच्या संग्रहाला आपोआप जाते. आमचे एक ज्येष्ठ सहकारी वारले, तेव्हा त्यांची पत्रं एकत्र करायचं ठरलं. संग्रह उघडला, तर शेवटच्या पाच महिन्यांतलं त्यांचं एकही पत्र नाही! 'आजारपणात लिहिणं थांबलं असेल,' असं आम्ही म्हणून टाकलं. मग आठवलं, त्यांच्या पत्रांना आम्हीच तर उत्तरं दिली होती.

भाट्ट मीमांसक सांगतात की, 'जमिनीवर घडा नाही' हे घडा न दिसण्यावरून कळतं. पण अट एक, घडा असता तर तो दिसला असता अशी परिस्थिती हवी. अंधारात न दिसलेला घडा काहीच सिद्ध करत नाही. आमचा संग्रह असा अंधारात होता.

आता उजेड कुठून आणायचा? सर्व्हरच्या नोंदवहीतून, म्हणजे लॉगमधून. मेल पोचवण्याचे एसएमटीपी हे नियम १९८२ सालचे. त्यात पलीकडचा सर्व्हर प्रत्येक टप्प्यावर तीन आकडी उत्तर देतो. पहिला आकडा २ असेल तर मान्य. सगळा मजकूर गेल्यावर २५० आलं, की पत्राची जबाबदारी पलीकडच्याची. ४ म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. पत्र रांगेत थांबतं, सर्व्हर काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ५ म्हणजे कायमचा नकार. तेव्हा पहिला प्रश्न 'पत्र का पोचलं नाही' हा नव्हेच. प्रत निघाली का, आणि निघाली असेल तर उत्तर काय आलं, हे आधी बघायचं.

आमच्या नोंदवहीत ५५० सापडलं, पण काही पत्रांपुरतंच. मग अन्वय-व्यतिरेक लावला. मंडळातल्या पत्त्यांवरून आलेली पत्रं संग्रहात होती. बाहेरून आलेल्यांपैकी काही होती, काही नव्हती. आकार, जोडपत्रं, वेळ यांचा काही संबंध लागेना. नाकारलेल्यांत समान गोष्ट एकच होती : त्यांच्या डोमेनने एसपीएफ नावाच्या जाहीर नोंदीत 'आमच्या नावाने फक्त हेच सर्व्हर पत्र पाठवतील, इतरांचं घेऊ नका' असं बजावलं होतं. आमचा सर्व्हर प्रत पाठवताना लिफाफ्यावर मूळ लेखकाचाच पत्ता ठेवत होता. संग्रहाने ही तपासणी कडक केली आणि आम्ही तोतये ठरलो.

पण मग पाच महिने कळलं कसं नाही? कारण नकाराची सूचना लिफाफ्यावरच्या पत्त्यावर जाते. ती आमच्याकडे न येता लेखकांकडे जात होती. आमचे सहकारी आजारपणातही लिहीत होते, आणि दर वेळी एक अनोळखी इंग्रजी सूचना त्यांच्या पदरात पडत होती. 'पत्र पोचलं नाही' असं त्यांना वाटलं असेल का, हा विचार आजही सलतो.

उपाय सोपा निघाला. प्रतीच्या लिफाफ्यावर मंडळाचा पत्ता घातला. आतल्या पत्रावर लेखकाचं नाव तसंच राहिलं. आता नकार आलाच तर आमच्याकडे येतो. नंतर बाहेरच्या पत्त्यावरून चाचणीपत्र पाठवलं, नोंदवहीत २५० पाहिलं आणि संग्रह उघडून ते पत्र डोळ्यांनी पाहिलं. तिन्ही पाहायचं, कारण २५० नंतरही पलीकडे आत काही बिघडू शकतं. शिवाय रोज आलेली पत्रं आणि संग्रहातल्या प्रती यांचा हिशेब जुळवतो.

त्यांची पत्रं मंडळाच्या टपालपेटीतून बहुतेक मिळाली. तीन मात्र गेली. 'संग्रहात आहेच' म्हणून ती आम्हीच पुसली होती. घडा आहे असं म्हणण्याआधीही दिवा लावायचा असतो, एवढं आम्ही त्या तीन पत्रांकडून शिकलो.