अस्मिता आणि महाद्वार

पतंजलींनी योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले, त्यांत अविद्येपाठोपाठ अस्मिता येते. द्रष्टा आणि पाहण्याचे साधन ही एकच आहेत असे भासणे, ही अस्मिता. आज हाच शब्द आपण अभिमानाने मिरवतो, हा भाग निराळा!

पंढरीच्या वाळवंटात वारकरी वय वा ज्ञाती न पाहता परस्परांच्या पाया पडतात. ‘मी’पणा झिजविण्याचा याहून सोपा अभ्यास क्वचितच आढळेल. परंतु हीच नम्रता महाद्वारापाशी शतकानुशतके अडखळत राहिली. चोखोबांची समाधी नामदेव पायरीसमोर, पण मंदिराबाहेरच. वाकणाऱ्याला स्वतःचा ‘मी’ दिसत होता. जन्माने चिकटलेला ‘आम्ही’ दिसत नव्हता, कारण तो त्याला धर्मच वाटत होता.

आत्मनिरीक्षणाने अहंकार गळतो हे खरे. येथे मात्र आरसा दुसऱ्याला धरावा लागला. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले, ते १० मे रोजी सुटले आणि अस्पृश्य मानलेल्यांसाठी विठ्ठलाचे दार उघडले. पूजेवरील वंशपरंपरागत हक्कांचा ‘आम्ही’ त्याहून चिवट निघाला. त्यासाठी १९७३ चा कायदा, आणि दीर्घ वादानंतर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.