परसातली मिरची आणि वैशाखाचं ऊन

ऊसपाहणीला गावात गेलो की फड राहतो बाजूला, मायबहिणी आम्हाला आधी परसात नेतात. "साहेब, मिरचीला फूल येतं पण टिकत नाही. फवारायला काही सांगा ना!" कपाशीची उरलेली बाटली पुष्कळदा हाताशी तयारच असते. सभासद बंधू-भगिनींनो, ती बाटली तिथं उघडू नका. तीच मिरची उद्या घरच्या भरितात पडणार आहे!

मुळात हा रोगच नव्हे. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. ३५ अंशांच्या वर आणि कोरड्या वाऱ्यात मिरचीची फुलं गळायचीच. उपाय सावलीचा. पश्चिमेला पऱ्हाट्यांचा आडोसा करावा, बुडाशी चार बोटं पाचट अंथरावं. पाचटाला आपल्याकडे काय तोटा? फडात पेटवून देतो तेच! पाणी सकाळी, बेतानं द्यावं. आम्ही स्वतः एका वर्षी फुलगळीला भिऊन रोज भरपूर पाजलं. काळ्या जमिनीत मुळं कुजली, झाडं उभ्याउभ्या वाळली.

पानं चुरडली, तर मात्र तो बोकड्या. त्याला ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

आणि उन्हाळ्यात फळ नाही म्हणून झाड उपटू नये. मृगाचा पाऊस झाला, हवा निवली, की तेच झाड पुन्हा फुलतं नि फळ धरतं.